मेश्रामबाईंनी परत मागितलेला कागद

मेश्रामबाई भेटल्या की ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ‘किती?’ एवढंच विचारत. नवीन माणूस गोंधळायचा. किती काय? वय, पगार की मुलंबाळं? आमच्या गल्लीतला माणूस मात्र मुकाट्याने खिशातून फोन काढायचा, वरच्या कोपऱ्यात बघायचा आणि आकडा सांगायचा. “छप्पन.” बाई मान हलवून पुढे जायच्या. आकडा पसंत पडला नाही तर थांबायच्या, आणि मग तुमचं दूध, भाजी, ऑफिस जे काही असेल ते दहा मिनिटं उशिरा व्हायचं.

नागपुरात मानेवाड्याकडच्या त्या गल्लीत चौदा घरं होती. मी बाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. बॅटरी या विषयात या चौदा घरांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा होता. तो त्यांनी कसा कमावला हे मी नुसतं ऐकलं. पण तोच शब्द चुकीचा आहे हे कळल्यावर, कोणाचं आणखी काही बिघडायच्या आत तो परत मिळवायला त्या चौदा दारं कशा हिंडल्या, हे मी पाहिलं आहे. दिलेला शब्द पाळणारी माणसं मला बरीच भेटली. दिलेला शब्द परत मागणारी ही एकच.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरी रूमला होत्या. पूर्वी गावात लाइट गेली तरी टेलिफोन चालू राहायचा, तो या खोलीच्या जिवावर. कमरेइतक्या उंचीचे शिशाचे सेल ओळीने मांडलेले. रोज प्रत्येक सेलमध्ये काचेची नळी बुडवायची, आतल्या आम्लाचा आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, पातळी उतरली असेल तर शुद्ध पाणी घालायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. त्यांच्या जुन्या सुती साड्यांवर मोहरीएवढी भोकं होती, आम्लाचे थेंब उडून पडलेली. निवृत्त झाल्यावरही त्या साड्या त्यांनी टाकल्या नाहीत. विजयादशमीला नेसायची पांढरी साडी तेवढी विनाभोकाची होती. एकदा मी त्या भोकांकडे बघत होतो तेव्हा पदर पुढे करून म्हणाल्या, “हा सतरा नंबरचा सेल. लई तापट होता.”

या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. तपासणीच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, तुम्ही रजेवर होता त्या चार दिवसांचे आकडे राहिलेत, अंदाजाने भरून टाका. बाईंनी ते चारही रकाने रिकामे ठेवले आणि त्यांच्यावर लाल शाईने लिहिलं : ‘घेतले नाहीत’. साहेब महिनाभर बोलले नाहीत. “चुकीचा आकडा दुरुस्त करता येते भाऊ,” बाई म्हणाल्या. “खोटा आकडा दुरुस्त नाही करता येत. त्याच्यावर दुसरे आकडे उभे राहून जातात.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कौतुकाने मान हलवली. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र मला खुर्चीत नीट बसवेना. त्याचं कारण पुढे येईल.

वस्तू तापली आहे का हे बघायला त्या हाताची उलटी बाजू लावत. फोन, चार्जर, भिंतीवरचा बोर्ड, कूलरची मोटार, सगळ्यांना. एकदा गल्लीतल्या तान्ह्या मुलीच्या कपाळालाही तशीच उलटी बाजू लावली आणि तिच्या आईला म्हणाल्या, “सत्त्याण्णवच्या वर नाही वं, कायले घाबरतं?” थर्मामीटर लावला तर तेवढाच भरला. त्या दिवसानंतर गल्लीने बाईंच्या हाताबद्दलही शंका घेणं सोडलं.

गल्लीत टचस्क्रीनचे फोन आले तेव्हा साहजिकच सगळे बाईंकडे गेले. बाईंनी एक कागद लिहिला. सरकारी नोकरीतलं गोल, सरळ अक्षर, वर मधोमध ‘बॅटरीविषयक सूचना’, खाली सही आणि तारीख. नवा फोन पहिल्यांदा आठ तास लावून ठेवावा. फोन पूर्ण शून्य होऊन बंद पडल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. लावला की शंभर करावा, रात्रभर राहू द्यावा. रविवारी फोन मुद्दाम पूर्ण रिकामा करावा. या कागदाच्या झेरॉक्स निघाल्या आणि चौदा घरांत स्विचबोर्डाच्या बाजूला चिकटल्या.

रविवारचं कलम सगळ्यांना आवडलं, कारण त्यात काहीतरी करायला होतं. फोन लवकर रिकामा व्हावा म्हणून लोक टॉर्च लावून ठेवत. रविवारी दुपारी तुम्ही आमच्या गल्लीत आला असता तर रखरखीत उन्हात प्रत्येक ओट्यावर एकेक फोन पालथा पडलेला आणि त्याचा टॉर्च सूर्याच्या तोंडावर चालू, असं दृश्य दिसलं असतं. फेरीवाल्यांना वाटायचं की ही काहीतरी पूजा आहे.

सगळ्यात कट्टर अनुयायी घाटोळे सर. कोपऱ्यावरच्या घरात राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी झेरॉक्स नको म्हटलं, बाईंकडून मूळ कागदच मागून घेतला आणि लॅमिनेट करून भिंतीवर लावला. सर एकदा नरखेडकडे भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. एसटीतून चुकीच्या फाट्यावर उतरले. खिशात फोन होता आणि फोनमध्ये तीन टक्के होते. शेजारच्या संत्र्याच्या बागेत पंपाची खोली होती, बागवान म्हणाला, लावा सर चार्जर. सर म्हणाले, नाही, अजून शून्य व्हायचा आहे. मग फोन बंद पडला आणि सर दोन कोस उन्हात चालत, विचारत विचारत मुलीच्या घरी पोचले, तोवर बाकीचे पाहुणे पोहे खाऊन निघाले होते. लग्न जमलं नाही. ही हकीकत सर अभिमानाने सांगत आणि शेवटी म्हणत, “शिस्त म्हणजे शिस्त.”

आता माझ्याबद्दल. मी शहराबाहेर वाडीला ट्रान्स्पोर्टच्या गोडाउनमध्ये डिस्पॅच बघायचो. गाडी कुठे पोचली, माल उतरला का, ड्रायव्हर फोन का घेत नाही, हाच दिवसभराचा धंदा. तिथे फोन शून्य होऊ देणं म्हणजे नोकरीच शून्य. आम्ही तिघं एका टेबलावर, आणि तिघांत मिळून एक चार्जर. एकाचा फोन चाळिसावरून साठावर गेला की दुसरा वायर ओढून घ्यायचा. त्याचा सत्तरपर्यंत जायच्या आत तिसरा ओढायचा. कोणाचा फोन कधी शंभर झाला नाही आणि कोणाचा कधी बंद पडला नाही. घरी मात्र बाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “रविवारी शून्य केला होता न, राऊतभाऊ?” आणि मी म्हणायचो, “केला बाई, पूर्ण केला.” दीड वर्ष मी हे धडधडीत खोटं बोललो. वाद टळतो आणि बाईही खूश राहतात, असा माझा हिशेब होता.

बाईंनी आणि मी फोन एकाच दिवशी घेतले होते, सीताबर्डीच्या एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे. दिवाळीची ऑफर होती म्हणून बाईंनीच मला ओढून नेलं होतं. माझ्या या खोट्याचं पुढे जे झालं ते या योगायोगामुळे.

दीड वर्ष झालं असेल. बाई बँकेच्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचा फोन तीस टक्के दाखवत असताना बंद पडला. परत लावला, चालू केला, पुन्हा तीसलाच बंद. त्या तशाच दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. संध्याकाळी मला जिन्यातच अडवलं. असं लालबुंद झालेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

“ती दुकानातली पोरगी मले काय म्हणते माहीत आहे? म्हणते, काकू, शून्यावर नेऊ नेऊ तुमीच मारली ही बॅटरी. मले म्हणते. बॅटरी मारली म्हणते.”

“जाऊ द्या बाई, तिला काय कळते,” मी म्हणालो.

“कळते की नाही ते पाहू न. तुमचा फोन आणा रविवारी.”

रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही फोन शंभर केले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोघांवर एकच व्हिडिओ, एकच उजेड, एकच आवाज. समोर रजिस्टर. दर अर्ध्या तासाने दोन आकडे. मी पेपर वाचायचं सोंग करून बसलो होतो. दुपारी जेवणं झाली तोवर बाईंच्या फोनने मान टाकली होती. माझा बावन्नवर होता आणि मजेत चालला होता.

बाईंनी पेन ठेवलं. दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. “एकच माल, एकच तारीख, एकच नियम,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मंग तुमची काहून नाही गेली?”

हा प्रश्न त्या मला विचारत नव्हत्या, रजिस्टरला विचारत होत्या. आणि उत्तर फक्त मला माहीत होतं. मला तेव्हा खरोखर लाज वाटली. मी सगळं सांगितलं. वाडीचं टेबल, तिघांत एक चार्जर, दीड वर्षाचे खोटे रविवार.

मला वाटलं, त्या नियम मोडला म्हणून रागावतील. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. “तुमी मले दीड वर्ष खोटा आकडा दिला,” एवढंच म्हणाल्या. मग रजिस्टर मिटवत, “तुमी पहिल्याच महिन्यात सांगतलं असतं न भाऊ, का बाई, मी नाही करून राहिलो शून्य, तर मी तेव्हाच दोन फोन समोर ठेवले असते. चौदा घरचे फोन वाचले असते.” मी मान खाली घालून जिना चढलो. त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस बाई वाचत होत्या. फोनच्या डब्यातली ती मुंगीएवढ्या अक्षरांची पुस्तिका त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचली, जी जगात दुसऱ्या कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही. रायपूरला मुलगी होती, तिच्याकडून आणखी काय काय मागवून घेतलं. मग एका सकाळी मला खाली बोलावलं आणि समजावून सांगितलं. शून्य करून भरायचा नियम जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा होता, आणि तिथे तो खरा होता. भरगच्च भरून ठेवायचा नियम त्यांच्या शिशाच्या सेलचा, तोही तिथे खरा. फोनमधली बॅटरी लिथियमची. तिला दोन्ही टोकं सोसत नाहीत. तळ गाठला तरी झिजते, काठोकाठ भरून तासन् तास ठेवली तरी झिजते, आणि सगळ्यात जास्त झिजते ती गरमीने. वीसच्या खाली जाऊ द्यायची नाही, ऐंशीच्या आसपास काढून घ्यायची, मधेमधे थोडीथोडी दिली तर उलट बरं.

“म्हणजे आमी वाडीत करून राहिलो होतो तेच,” मी म्हणालो.

“हो. तुमी आळसानं बरोबर होते आणि मी मेहनतीनं चूक,” बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही. मला आलं होतं, ते मी गिळलं.

मी एक सल्ला दिला. म्हटलं, चुकलं असं कशाला सांगता? म्हणा की आता नवे फोन आलेत, नियम बदलले. लोकांनाही पटेल आणि तुमचंही राहील.

“फोन नाही बदलले,” बाई म्हणाल्या. “मीच न तपासता लिहिलं. माहीत होतं तेवढ्यावरच सही ठोकली.” आणि पायात चपला सरकवून त्या निघाल्या.

चौदा घरं त्यांनी दोन दिवसांत केली. मी एक-दोन घरांत सोबत होतो. दारात उभं राहून त्या सरळ सांगत, “मी चुकीचं सांगतलं होतं. तो कागद मले परत द्या.” बसा म्हटलं तर बसत नसत, चहा घेत नसत. कोणी हसलं. एका वहिनीने विचारलं, म्हणजे आमचा फोन दुपारीच मरतो तो तुमच्यामुळे? बाई म्हणाल्या, “हो. माझ्यामुळे.” वहिनीने कागद काढून दिला. हे ऐकणं मला जड गेलं, कारण त्या ‘हो’मध्ये निम्मा वाटा माझा होता आणि बाईंनी माझं नाव एकाही दारात घेतलं नाही.

तेरा कागद परत आले. चौदावा, मूळ कागद, घाटोळे सरांच्या भिंतीवर होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “बाई, तुमच्यावर कोणी दबाव आणून राहिलं का?”

“कोण आणते दबाव सर? मी चुकले.”

“तुमी चुकणं शक्य नाही,” सर शांतपणे म्हणाले. “एकतीस वर्षांचा अनुभव कुठे, आणि ती दुकानातली पोरगी कुठे. त्यांना नव्या बॅटऱ्या विकायच्या आहेत. मी तुमचं पहिलं म्हणणंच धरून चालणार.”

“सर, पहिलं म्हणणं बी माझं आणि दुसरं बी माझंच आहे न.”

“पहिल्यावर सही आहे,” सर म्हणाले.

बाई परत आल्या. त्या दिवसापासून त्या रोज कोपऱ्यापर्यंत चक्कर मारत. “किती?” त्या विचारत, आणि सर ओट्यावरून अभिमानाने सांगत, “चार. होऊन राहिला शून्य.” बाईंचं तोंड उतरायचं. लोकांनी आपलं ऐकावं म्हणून माणूस आयुष्यभर खपतो. आपलंच ऐकून कोणीतरी नुकसान करून घेतंय हे रोज बघायची पाळी कोणावर येऊ नये. बाईंनी घाटोळेकाकूंना बाजूला घेऊन सांगून पाहिलं, पण सरांच्या घरात काकूंचं तेवढंच चालायचं जेवढं शाळेत शिपायाचं.

चैत्र संपला, ऊन चढलं. मे महिन्यात नागपुरात भिंतीसुद्धा आतून तापतात. एका रविवारी दुपारी कूलरच्या आवाजात मी पडलो होतो तेव्हा खालून काकूंची हाक ऐकू आली, “मेश्रामबाई, लवकर या वं, हे पाहा काय करून राहिले.” बाई निघाल्या, मागून मी.

सरांचा फोन फुगला होता. नियमाप्रमाणे रात्रभर शंभरावर, उशीखाली, आणि सकाळपासून उन्हात टॉर्च लावून. काच एका बाजूने उचलली गेली होती, पाठ वाटीसारखी बाहेर आली होती. सरांनी आधी तो थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवला होता, दुधाच्या भांड्याजवळ. बाहेर काढल्यावर त्याला घाम सुटला होता. आता सर टेबलाशी बसले होते, काचेच्या फटीतून चंदेरी पाकीट दिसत होतं आणि सरांच्या हातात काकूंची गोधडी शिवायची जाड सुई होती.

“काही नाही, गॅस धरला आहे,” सर म्हणाले. “बारीक भोक पाडलं की बसून जाईल.”

“सर, सुई ठेवा,” बाई दारातूनच म्हणाल्या.

“अहो, पापडाला नाही का आपण टोचत—”

“पापड नाही तो. टोचलं का भडकते ते. पाणी टाकून बी लवकर विझत नाही. ठेवा.”

सरांनी सुई ठेवली नाही. मला वाटतं, त्यांना खरी भीती फोनची नव्हती. आता सुई ठेवली तर दोन महिने आपण चुकीचं धरून बसलो हे कबूल करावं लागेल, याची होती. आणि मुख्याध्यापकांना ती सवय नसते. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाई पुढे गेल्या, सरांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या सुईच्या हातभर अंतरावर. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या :

“सर, आजवर तुमी माझा शब्द खाली पडू दिला नाही. गल्लीत तुमच्याइतका कोणी पाळला नाही. आता एकदा पडू द्या.”

कूलर घरघरत होता. सरांनी सुईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. सुई टेबलावर ठेवली.

पुढचं बाईंनी बॅटरी रूममध्ये असल्यासारखं केलं. फोन बंद केला. मला शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर कोरडी रेती आणायला पाठवलं. फोन दाबला जाणार नाही अशा बेताने स्टीलच्या ताटलीवर सरकवून घेतला, घमेल्यातल्या रेतीत ठेवला, वरून आणखी रेती घातली आणि घमेलं आंगणात, सावलीत, सगळ्यांपासून दूर ठेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला घेऊन ते सगळं जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करणाऱ्या केंद्रावर देऊन आल्या. काही पेटलं नाही, काही फुटलं नाही. काय झालं असतं हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि बाईंच्या मते काम नीट झाल्याची खूण तीच असते.

पण त्या दुपारी आंगणातून आत आलो तेव्हा सर स्टुलावर चढले होते. त्यांनी लॅमिनेट केलेला कागद नखांनी सोडवला, त्याच्याबरोबर भिंतीचा पोपडाही निघून आला. कागद त्यांनी बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घडी करायचा प्रयत्न केला, प्लॅस्टिकमुळे होईना, तेव्हा पदराखाली धरला आणि म्हणाल्या, “कोरा कागद द्या एक.”

तिथेच टेबलावर, सुई बाजूला सारून, त्यांनी नवा लिहिला. तेच गोल अक्षर. वीसच्या खाली जाऊ देऊ नये. ऐंशीच्या आसपास काढावा. रात्रभर लावून ठेवू नये, उशीखाली ठेवू नये. उन्हात, स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नये. तापला तर कव्हर काढून सावलीत ठेवावा, फ्रिजमध्ये ठेवू नये. फुगलेल्या बॅटरीला टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. खूप दिवस वापरायचा नसेल तर निम्मा भरून ठेवावा. खाली सही, तारीख. आणि सहीखाली पहिल्या कागदात नव्हती अशी एक ओळ : ‘ही माहिती आजची आहे. चूक आढळल्यास मला सांगावे.’

“हा बी लॅमिनेट करून आणतो,” सर म्हणाले.

“नका करू,” बाई म्हणाल्या. “साधाच राहू द्या. उद्या बदलावा लागला तर फाडता आला पाहिजे.”

त्यानंतर बाईंचा शब्द कमी झाला असेल असं कोणाला वाटेल. झालं उलटंच. पूर्वी लोक त्यांचं ऐकत, आता ऐकत आणि वर विचारतही, “बाई, हे तुमी तपासलं न?” बाईंना हा प्रश्न फार आवडायचा. ताबडतोब रजिस्टर उघडायच्या. गल्लीतले फोन आता तीन-तीन, चार-चार वर्षं टिकतात. सरांचा नवा फोन तर बत्तीस आणि अठ्ठ्याहत्तर यांच्या बाहेर कधी जातच नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

मागच्या हिवाळ्यात बाई रायपूरला मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. गुडघे साथ देईनात आणि माझ्या मते जिन्यात उभं राहून आकडे विचारणं त्यांना जमेना, तेव्हाच त्यांनी ठरवलं. सकाळची गाडी होती. दारात ऑटो उभा, सामानात दोन बॅगा आणि एक पिशवी रजिस्टरांची. गल्ली जमली होती. घाटोळे सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी नमस्काराला वाकणार, तोच ऑटोत बसलेल्या बाईंनी हात पुढे केला. मला वाटलं आशीर्वादाला. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशाला हाताची उलटी बाजू लावली.

“किती?”

मी फोन काढला. आदल्या दिवशी माझ्या दोन गाड्या घाटात अडकल्या होत्या, पहाटेपर्यंत फोन चालू होता, आणि घाईत लावायचा राहिला होता. सगळी गल्ली बघत होती. निघायची वेळ होती. साठ म्हणालो असतो तर बाई समाधानाने गेल्या असत्या. ते साठ माझ्या जिभेवर आलंही होतं.

“अकरा,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझं खोटं उघडं पडल्यापासून मी त्यांना जितके आकडे सांगितले होते, त्यांतला बहुधा हा पहिलाच होता जो फोन बघून तपासावा असं त्यांना वाटलं नाही.

“मंग इथं काय उभे राहिले?” त्या म्हणाल्या. “जा न वर. लावा.”

मी धावत जिना चढलो, वायर शोधली, फोन लावला, आणि गॅलरीत आलो. ऑटो कोपऱ्यावर, सरांच्या घराशी वळत होता. आतून बाईंचा हात बाहेर आलेला होता, पंजा खाली, उलटी बाजू वर, जणू जाता जाता गल्लीची हवा किती तापली आहे ते बघून घेत होत्या. मला त्यांचा निरोप घ्यायचाच राहिला. खोलीत फोन बाराव्या टक्क्यावर आला होता.